जंगल फुकट, बाकी सगळं विकत

पेनसिल्वेनियाच्या सरकारी जंगलात पाच जणांची धनुष्यबाणाची शिकार आणि तंबूतला मुक्काम : पहिल्या वर्षाचा हिशेब

सप्टेंबर लागला की आमच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "या वर्षी मलाही यायचंय. खर्च किती येतो?" आणि कोणीतरी उत्तर देतं, "अरे, जंगल फुकट आहे. ये नुसता." जंगल फुकट आहे हे अगदी खरं. आमच्या पाच जणांच्या पहिल्या सहलीचा हिशेब मी एका वहीत लिहिला होता. त्यात 'जागेचं भाडं' या ओळीपुढे शून्य आहे. वहीची पुढची तीन पानं मात्र गच्च भरलेली आहेत.

हा लेख त्या तीन पानांचा. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया किंवा पिट्सबर्गकडे राहणाऱ्या, आयुष्यात कधी शिकार न केलेल्या पाच मराठी मित्रमैत्रिणींनी ॲलेगेनी नॅशनल फॉरेस्टमध्ये तीन रात्री तंबूत राहून धनुष्याने हरणाची शिकार करायची ठरवली, तर माणशी किती पैसे लागतात, कुठे वाचवता येतात आणि कुठे वाचवू नयेत, एवढंच यात आहे. दर 2025-26 च्या हंगामाचे आहेत. सामानाच्या किमती दुकानागणिक दहावीस डॉलर इकडेतिकडे होतील.

शिकार करावी की करू नये या वादात मी शिरत नाही. आपण वाढलो त्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं. पेनसिल्वेनियाची गोष्ट निराळी. तिथे 1900 च्या सुमाराला हरणं जवळजवळ संपली होती. 1906 पासून दुसऱ्या राज्यांतून आणून सोडली. पुढे ती इतकी वाढली की जंगलात कोवळं रोप उभं राहीना. आता दर वर्षी काही हरणं मारली जावीत हे राज्याचं वन्यजीव खातं, म्हणजे गेम कमिशनच ठरवतं, आणि खात्याचा काही खर्च शिकाऱ्यांच्या लायसन्समधून निघतो. मात्र इथे मिळालेली शिंगं किंवा कातडं आठवण म्हणून भारतात नेण्याचा विचारही करू नका.

जागा

ॲलेगेनी हे राज्यातलं एकमेव नॅशनल फॉरेस्ट. वॉरेन, मॅकीन, एल्क आणि फॉरेस्ट या चार काउंट्यांत मिळून पाच लाख एकरांहून थोडं जास्त. 1923 मध्ये ते सरकारी जंगल म्हणून जाहीर झालं तेव्हा लाकूडतोडीने इतकं बोडकं झालं होतं की लोक त्याला झुडूपरान म्हणून हिणवत. आज तिथे काळी चेरी, बीच, मेपल आणि ओढ्यांच्या काठाने हेमलॉक आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून जंगलालगतच्या केन या गावापर्यंत साधारण 300 मैल, म्हणजे पाच-साडेपाच तास. पेनसिल्वेनियात आय-80 ला टोल नाही, फक्त डेलावेअर नदीच्या पुलावर शिरताना थोडा पडतो. पिट्सबर्गवाल्यांना मॅरिएनव्हिल दोन तासांवर आहे.

नवख्यांची पहिली चूक जागेतच होते. राज्यात सार्वजनिक जमीन बऱ्याच प्रकारची आहे आणि नावं फसवी आहेत. 'स्टेट गेम लँड्स' पंधरा लाख एकरांवर आहेत, नावातच शिकार आहे, पण तिथे तंबू ठोकायला बंदी. स्टेट फॉरेस्टमध्ये मुक्काम करता येतो, पण गाडीशेजारी तंबू लावायचा तर परवानगी काढावी लागते. नॅशनल फॉरेस्टमध्ये मात्र रस्त्याच्या कडेला, जुन्या चुलीच्या दगडांजवळ जागा दिसली की तंबू लावा. परवानगी नाही, भाडं नाही, एका ठिकाणी 14 दिवसांपर्यंत. पाच जणांच्या गटाला काहीही कागद लागत नाही. परवाना 75 किंवा अधिक माणसं जमली तरच. अपवाद लक्षात ठेवायचा तो किंझुआ धरणाच्या जलाशयाचा. त्याच्या काठापासून 1,500 फुटांच्या आत, नेमून दिलेल्या जागा सोडून, मुक्काम चालत नाही. आणि नेमकी तीच जागा सगळ्यांना फोटोत आवडलेली असते.

पाणी आणि संडास हवा असेल तर जंगलखात्याची कॅम्पग्राउंड्स आहेत, रात्रीला साधारण 20 ते 30 डॉलर. पण त्यांतली बरीचशी थंडीच्या तोंडावर बंद होतात किंवा नळ बंद करतात. बुकिंग करण्याआधी वॉरेनच्या मुख्य कचेरीत किंवा ब्रॅडफर्ड, मॅरिएनव्हिलच्या रेंजर कचेरीत फोन करा. आणखी एक : वरची जमीन सरकारची असली तरी जमिनीखालचे सुमारे 93 टक्के खनिजहक्क खासगी आहेत. जगातली पहिली व्यापारी तेलविहीर मानली जाते ती 1859 ची विहीर इथून जवळच, टायटसव्हिलला. त्यामुळे पहाटे पाचला तुमच्या 'निर्जन' जागेवरून टँकर घरघरत गेला तर रागावू नका, आणि विहिरींच्या फाटकासमोर गाडी लावू नका.

लायसन्स

इथे राज्याचे रहिवासी आणि बाहेरचे यांच्यातली दरी मोठी. रहिवाशाला साधं शिकार लायसन्स 20.97 डॉलर, त्यावर आर्चरीचं, म्हणजे धनुष्यबाणाचं, 16.97, एकूण 37.94. न्यू जर्सीवाल्याला तेच 101.97 अधिक 26.97, म्हणजे 128.94. साध्या लायसन्ससोबत एका शिंगवाल्या नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी, येतो. मादी मारायची तर वेगळं लायसन्स, रहिवाशाला 6.97 आणि बाहेरच्याला 26.97 डॉलर. ते त्या त्या विभागापुरतं असतं, ठरावीकच निघतं आणि जूनच्या शेवटाला विक्री सुरू होते. ॲलेगेनीचा बहुतेक भाग '2एफ' या विभागात मोडतो.

ते मादीचं लायसन्स घ्याच. नवखा माणूस फक्त नराच्या भरवशावर गेला की निम्मा दिवस शिंगं मोजण्यात जातो, कारण 2एफमध्ये नराला किमान एका बाजूला तीन टोकं असावी लागतात. वीस यार्डांवर झुडपाआड उभ्या हरणाची टोकं मोजून बघा एकदा.

रहिवासी म्हणजे राज्यात सलग 60 दिवस राहिलेला आणि तिथेच राहायचा इरादा असलेला. फिलाडेल्फियातल्या मावशीचा पत्ता देऊन नव्वद डॉलर वाचवणारे भेटतात. तसं करू नका. पकडलं तर दंड आणि लायसन्सही जातं.

पहिलं लायसन्स घेण्याआधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा. वर्गात बसून केला तर एक पैसाही पडत नाही. घरबसल्या ऑनलाइन केला तर तीसेक डॉलर. मी ऑनलाइन केला आणि पस्तावलो. वर्गात शिकवणारे स्वयंसेवक म्हातारे शिकारी असतात आणि कोर्सपेक्षा त्यांच्या गप्पा मोलाच्या. शिवाय तो वर्ग खरं म्हणजे तुमच्याच पैशांवर चालतो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली धनुष्यावर कारखान्यातच 11 टक्के केंद्रीय कर लागतो आणि त्यातून राज्यांना असल्या कामासाठी निधी मिळतो. कोर्स न करता नुसतं चाखून बघायचं असेल तर प्रौढांसाठी 'मेंटॉर्ड' परमिट आहे. किंमत साध्या लायसन्सइतकीच, पण सोबत अनुभवी, लायसन्सधारी शिकारी हवा. आपल्या ग्रुपात तोच नसतो.

व्हिसावाल्यांसाठी

आपल्यातले बरेच जण धनुष्याकडे वळतात त्याचं एक न बोललेलं कारण आहे. एच-1बी, एफ-1 यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. वैध शिकार लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद. धनुष्य आणि क्रॉसबो या कायद्याच्या व्याख्येत बंदुकीत मोडत नाहीत. म्हणून व्हिसावरच्या माणसाला धनुष्य हा सरळ रस्ता. पण कॅम्पवर कोणी रायफल आणली असेल आणि तुमचं लायसन्स अजून निघालेलं नसेल, तर ती हातात धरून फोटोही काढू नका. ग्रीन कार्डाची फाइल चालू असलेल्यांनी तर वकिलाला एक ईमेल टाकून खात्री करून घ्यावी. नाहीतर या सहलीतली सगळ्यात महागडी गोष्ट ती चूकच ठरू शकते.

धनुष्य : इथेच पैसे जातात

मी गेलो होतो एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात. काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि 70 पौंड ताणाचं कंपाउंड धनुष्य हातात दिलं. "पुरुषाला एवढं लागतंच." दुकानातल्या उबेत, टी-शर्टवर, ते मी दोनदा ओढलंही. नोव्हेंबरच्या थंडीत, तीन थर कपडे घालून, चार तास गोठून बसल्यावर ते माझ्याच्याने अर्धंही ओढलं गेलं नाही. समोरचं हरीण माझी धडपड बघून शांतपणे निघून गेलं. पेनसिल्वेनियाच्या कायद्याला किमान 35 पौंड ताण पुरतो. पंचेचाळीस-पन्नास पौंडांचं, बसल्याबसल्या सावकाश ओढता येईल असं धनुष्य घ्या.

शिकारीला तयार कंपाउंड सेट, म्हणजे नेम धरायची पिन, बाण टेकवायचा रेस्ट आणि भाता यांसकट, 400 ते 600 डॉलरला मिळतो. मग अर्धा डझन बाण 50 ते 80, दोरी सोडायचा मनगटी रिलीज 40 ते 80, ब्रॉडहेडची म्हणजे धारदार पात्यांची तीन नगांची पाकिटं 30 ते 45. सरावाचं टार्गेट 60 ते 120; हे मात्र पाच जणांत एकच पुरतं. धनुष्याच्या दुकानात ताण आणि हाताची लांबी जुळवून घ्या आणि दोन-तीन शिकवण्या लावा, त्याचे शंभरेक धरा. सगळं मिळून 700 ते 800. आणि पैसे टाकून काम संपत नाही. कंपाउंडवर भरवसा ठेवायचा तर जूनपासून आठवड्यात दोन-तीनदा बाण सोडावे लागतात. दुसऱ्याच्या अंगात आपण बाण घुसवणार आहोत. हात बसला नसेल तर जाऊ नये, हे माझं ठाम मत.

दुसरा रस्ता क्रॉसबोचा. राज्यात 2009 पासून तो आर्चरीच्या हंगामात सर्रास चालतो. ताण किमान 125 पौंड हवा, आणि बाजारातले जवळजवळ सगळे त्याहून जोरदारच असतात. दुर्बीण आणि तीन बाणांसकट 300 ते 450 डॉलरात कामचलाऊ मिळतो. जादा बाण आणि पात्यांचे 70 धरा. बंदुकीसारखा खांद्याला लावून नेम धरायचा, त्यामुळे दोन-तीन शनिवारांत हात बसतो. जुने धनुर्धारी नाकं मुरडतात. मुरडू द्या. पहिल्या वर्षी क्रॉसबो घ्या असंच मी सांगेन, किंवा ओळखीतल्या कोणाचा उसना आणा. दोघांत एक क्रॉसबो घेऊन पाळीपाळीने बसणं हा आमच्यातल्या दोघींनी काढलेला तोडगा होता. त्यांना माणशी सव्वादोनशे पडले आणि त्या सहलीत आम्हाला मिळालेल्या दोन मादी हरणांपैकी पहिली त्यांनीच मारली. ताणलेला क्रॉसबो गाडीत मात्र कधीही ठेवायचा नाही.

कंपाउंड असो की क्रॉसबो, पात्याची रुंदी किमान 7/8 इंच आणि धारा निदान दोन हव्यात. सरावाला वापरलेली पाती शिकारीला वापरू नका. बोथट पात्याने जखमी हरीण मैलभर पळतं. पात्यांत काटकसर नको.

मचाण की जमीन

झाडावरचं मचाण म्हणजे ट्री स्टँड. स्वतः चढत जायचं क्लाइंबर मचाण दीडशेपासून साडेतीनशेपर्यंत. वरून सगळं दिसतं, माणसाचा वास वरच्यावर जातो, फायदे खरे आहेत. पण धनुष्याच्या शिकारीत माणसं जखमी होतात ती मुख्यतः मचाणावरून पडून. अंगभर पट्टे असलेला हार्नेस जमिनीवरूनच बांधून चढायचं आणि परत जमिनीला पाय लागेपर्यंत सोडायचा नाही. झाडाला खिळे-स्क्रू ठोकणं सार्वजनिक जमिनीवर चालत नाही.

पहिल्या वर्षी मी मचाण घेऊच देणार नाही. पंचवीस डॉलरचं घडीचं स्टूल, पाठीशी जाड बुंधा, समोर पडलेल्या फांद्यांचा आडोसा. दोघांत एक, लपून बसायचा कापडी ब्लाइंड घेतला तर 80 ते 150 डॉलर, आणि पाऊस-वाऱ्यात त्याची ऊब फार. वाचलेले दोनशे डॉलर बुटांत आणि झोपायच्या पिशवीत घाला.

मुक्काम

ऑक्टोबरच्या शेवटाला ॲलेगेनीत रात्री पारा गोठणबिंदूखाली जातो आणि नोव्हेंबरात केव्हाही बर्फ पडतो. उन्हाळ्यातल्या पोकोनोच्या सहलीचं सामान इथे चालत नाही. झोपायची पिशवी 15-20 अंश फॅरनहाइटची हवी. साधी, जड, पण उबदार अशी 80 ते 120 डॉलरला मिळते. खाली अंथरायची मॅट तितकीच महत्त्वाची, थंडी खालूनच शिरते. बाकीचं सामान वर्गणीतून : सहा जणांचा तंबू, ताडपत्री, दोन बर्नरची शेगडी, गॅसच्या नळ्या, पाण्याचे कॅन, कंदील, फावडं. सगळं नवं घेतलं तर 500 डॉलर, माणशी 100, आणि ते पाचसहा वर्षं टिकतं. ग्रुपमध्ये कोणाकडे काय पडून आहे हे आधी विचारा. आमच्याकडे तीन शेगड्या निघाल्या आणि फावडं एकही नाही.

जळण घरून नेऊ नका. लाकडातून किडी पसरतात. ॲश झाडांचा या भागात त्याच मार्गाने सत्यानाश झाला. आपोआप पडलेलं वाळकं लाकूड गोळा करा किंवा तिथल्याच गावात पाचसहा डॉलरला जुडी घ्या. अन्न गाडीत बंद. काळी अस्वलं आहेत.

जेवणावर मी शब्द घालवणार नाही. चार दिवसांचे पाच जणांचे अडीचशे डॉलर पुरतात, पिठलं-भात आणि ठेचा असला तर त्याहून कमी. फोडणी मात्र तंबूपासून लांब द्या. कपड्यांत हिंग-लसूण घेऊन बसलात तर वाऱ्याखालचं एकही हरीण फिरकणार नाही.

कपड्यांचा खर्च दुकानदार सांगतात तितका नाही. छद्मरंगी जॅकेटपेक्षा लोकरीचा जुना स्वेटर बरा. न सळसळणारं काहीही चालतं. बुटांना शंभर-सव्वाशे आणि मोजे-हातमोज्यांना चाळीस. आर्चरीच्या हंगामात नारिंगी घालण्याची सक्ती नाही, पण मधल्या काही दिवसांत मझललोडर म्हणजे ठासणीच्या बंदुकांचाही हंगाम असतो. येता-जाता वीस डॉलरची नारिंगी टोपी आणि बंडी घाला, बसल्यावर काढा. गोचिडींसाठी परमेथ्रिनची बाटली पंधरा-वीस डॉलर. लाइम रोगाच्या नोंदी सगळ्यात जास्त होतात अशा राज्यांत पेनसिल्वेनिया आहे. घरी आल्यावर अंग तपासून घ्या, कोणाची लाज न बाळगता.

कधी जायचं

आर्चरीचा हंगाम साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, मग नाताळानंतर पुन्हा. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात चांगले, कारण नर माजावर आलेले असतात आणि दिवसाढवळ्या हिंडतात. अडचण एवढीच की 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. घरातल्यांना विचारून तारीख ठरवा. मी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा धरेन.

रविवारी शिकारीला पूर्वापार असलेली बंदी 2025 च्या कायद्याने उठली आणि कोणते रविवार खुले ते आता गेम कमिशन ठरवतं. याचा खर्चाशी थेट संबंध आहे. गुरुवारी दुपारी निघून रविवारी संध्याकाळी परत आलं तर रजेचे दीडच दिवस जातात आणि शिकारीच्या बैठका पाच मिळतात. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि अंधार एकदम पाचच्या सुमाराला येतो. परतीच्या वाटेला डोक्याचा दिवा हवाच. जंगलात फोनची रेंज जवळजवळ नाही. जंगलखात्याचा वाहन-रस्त्यांचा नकाशा फुकट आहे, तो आधी उतरवून घ्या. जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप वर्षाला तीस-पस्तीस डॉलर घेतं. पाचांत दोघांकडे असलं तरी पुरे. जंगलाच्या पोटात खासगी तुकडे आहेत, आणि राहत्या घरापासून 50 यार्डांच्या आत मालकाला विचारल्याशिवाय बाण सोडता येत नाही.

बाण लागल्यावर

याचा हिशेब कोणी आधी करत नाही. बाणाने हरीण जागच्या जागी पडत नाही, पळतं. छातीत लागला तरी अर्धा तास थांबून मग रक्ताचा माग काढायचा. पोटात लागल्याची शंका असेल तर सहा-आठ तास. दोरीने बांधलेल्या कुत्र्याकडून माग काढून घ्यायला राज्यात 2018 पासून परवानगी आहे. असे मालक काही नुसत्या पेट्रोलवर येतात, काही शंभरेक डॉलर घेतात. त्यांचे नंबर घरून निघतानाच फोनमध्ये घाला.

हरीण हलवण्याआधी टॅग भरून कानाला बांधायचा. म्हणजे खिशात पेन हवं. आमच्याकडे पाच जणांत एकही नव्हतं आणि एक जण दोन मैल चालत गाडीकडे गेला. मग आतडी काढायची, आणि दहा दिवसांच्या आत खात्याला ऑनलाइन कळवायचं. शंभर पौंडांचं धूड दोघांनी ओढलं तरी मैलभराला दीड तास जातो. मागावर एकाला चार डोळे आणि ओढायला चार हात, ग्रुप लागतो तो इथे.

कापून, हाडं काढून, पाकिटं करून देणारे खाटीक गावोगाव आहेत, हरणामागे 100 ते 150 डॉलर. पहिल्या वर्षी द्या त्यांना, स्वतः कापायच्या भानगडीत पडू नका. हाडं काढणं इथे नुसती सोय नाही. हरणांत क्रॉनिक वेस्टिंग नावाचा मेंदूचा रोग पसरतो आहे. रोगग्रस्त विभागांतून डोकं आणि कणा बाहेर नेता येत नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये तर बाहेरच्या राज्यातलं अख्खं हरीण आणायलाच बंदी आहे. फक्त स्वच्छ मांस घरी न्या म्हणजे कुठल्याच सीमेवर प्रश्न येत नाही. एका मध्यम हरणाचं पंचेचाळीस-पन्नास पौंड मांस निघतं. वाटे कसे पाडायचे हे जाण्याआधी ठरवा. आमचा नियम : मारणाऱ्याला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक, खाटकाचं बिल वाट्यांप्रमाणे. चरबी नसते, म्हणून रश्श्यात तेल थोडं सढळ लागतं आणि मटणापेक्षा कमी शिजवावं लागतं. घरी कोणी खाणार नसेल तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' ही 1991 पासूनची योजना आहे. तिच्याशी जोडलेल्या खाटकाकडे हरीण द्या, ते गरजूंच्या अन्नछत्रांत जातं आणि तुम्हाला काही पडत नाही.

बेरीज

न्यू जर्सीतला माणूस, पाचांच्या गटात, नवा क्रॉसबो, तीन रात्री : मादीच्या लायसन्ससकट तिन्ही लायसन्सं 156, कोर्स 30, क्रॉसबो-बाण-पाती 420, स्टूल 25, बूट-कपडे-नारिंगी 180, झोपायची पिशवी 100, कॅम्पची वर्गणी 100, दोन गाड्यांच्या पेट्रोलचा वाटा 42, जेवण 50, सुरी-दोरी-दिवा-औषधं 60. झाले 1,163 डॉलर. हरीण मिळालं तर खाटकाचा वाटा वेगळा. पेनसिल्वेनियाच्या रहिवाशाचे यातून 111 कमी. दुसऱ्या वर्षी लायसन्स, पेट्रोल, जेवण आणि तुटलेले बाण मिळून पावणेतीनशे-तीनशेत भागतं.

बघा, ग्रुपमध्ये वाटलं जातं ते फक्त कॅम्प, पेट्रोल आणि पोट. अकराशेपैकी जेमतेम दोनशे. बाकी ज्याचं त्याचं. त्यामुळे 'दहा जण जमवले की स्वस्त पडेल' हे गणित इथे चालत नाही, उलट दहा जणांची वर्दळ असलेल्या रानात हरीण येत नाही. चार-पाच हा बरा आकडा. वर्गणी जाण्याआधी गोळा करा आणि केन किंवा वॉरेनला मोटेलच्या एका रात्रीचे शंभर डॉलर राखीव ठेवा. भिजलेल्या पाच जणांना त्या एका खोलीचं मोल कळतं. आमचे दुसऱ्याच रात्री खर्च झाले.

अकराशे डॉलरात पन्नास पौंड मांस, तेही मिळालं तर. मांसासाठी जाणार असाल तर जाऊ नका, जर्सी सिटीतलं हलाल दुकान स्वस्त आहे. चार दिवस फोनशिवाय पाच माणसं एकत्र हवी असतील तर जा.

लायसन्सचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि मादीची लायसन्सं त्याच्या आधीच विकायला येतात. फुकटचे वर्ग उन्हाळ्यात भरतात आणि ऑगस्टअखेर जागा मिळत नाही. ग्रुपवर सप्टेंबरात विचारणाऱ्यांनी या वर्षी मे महिन्यात विचारावं.